पाण्याचा रंग, पुलावरून आणि आकाशातून

पहिल्या पावसाचं पाणी उल्हास नदीला आलं, की आमची अम्मी पांढरे कपडे वेगळे काढून ठेवायची. अब्बांचे सदरे-लेंगे, टोप्या, उशांचे अभ्रे. गणपती उठेपर्यंत यातलं काहीही नदीवर न्यायचं नाही, विहिरीच्या पाण्यातच धुवायचं, असा तिचा कायदा होता. नदीवर येणाऱ्या सगळ्याच बायकांचा तो होता. मृगाचं पाणी तांबडं. त्यात धुतलेला सदरा विटकरी होऊन घरी यायचा. आषाढात तेच पाणी दुधाच्या चहासारखं दिसायचं, गौरी-गणपतीच्या सुमारास त्यात हिरवट झाक यायची, आणि दिवाळी उलटली की ते असं निवळायचं, की तळाचे गोटे मोजून घ्यावेत. मी १९७०च्या दशकाच्या अखेरीची गोष्ट सांगतो आहे. आम्ही कुळगावात राहायचो, स्टेशनच्या पूर्वेला. नदी पश्चिमेला, बदलापूर गावाच्या अंगाला. कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन रूळ ओलांडून जायचं आणि दुपारच्या आत परतायचं, असा अम्मीचा आठवड्यातला दोन दिवसांचा क्रम होता.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. नदीवर कविता लिहिल्या, पण नदीचा रंग मोजता येतो, त्याची वर्षानुवर्षांची नोंद ठेवता येते, हे मला पन्नाशी गाठेपर्यंत ठाऊक नव्हतं. माझी लेक भूगोलात एम.ए. करत होती. एका रात्री तिनं संगणकावर एक चित्र उघडलं आणि म्हणाली, ‘‘अब्बू, ही बघा आपली उल्हास.’’ मी चष्मा पुसून पाहिलं. काळ्या रेघेसारखं काहीतरी होतं आणि दोन्ही काठांना लालभडक पट्टे. मी म्हटलं, ‘‘हे लाल काय, पूर आलाय की काय?’’ ती हसली. ते लाल म्हणजे झाडी. उपग्रहाला आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेडही दिसतो. हिरवं पान तो उजेड भरपूर परत पाठवतं, म्हणून चित्रात त्याला लाल रंग देतात. पाणी तो उजेड गिळून टाकतं, म्हणून काळं. अम्मीच्या तांबड्या पाण्याच्या नदीचं हे काळं चित्र पाहून मला जरा रागच आला होता. पण त्या रात्रीपासून मी या विषयाच्या मागे लागलो. आजचं हे बोलणं त्यातूनच आलेलं आहे.

पाण्याच्या रंगाची सगळ्यात जुनी नोंद माणसानं कागदावर केली नाही, नावात केली. आपली कृष्णा घ्या. यमुनेला कालिंदी म्हणतात, आणि प्रयागला गंगेचं पांढुरकं पाणी व यमुनेचं सावळं पाणी नावेतून आजही वेगळं ओळखता येतं. बिहारच्या शोण नदीच्या नावातच तांबडा रंग आहे. चीनमध्ये पीत नदी आहे, व्हिएतनाममध्ये लाल नदी, आफ्रिकेत पांढरी नाईल आणि निळी नाईल खार्टुमपाशी एकमेकींना मिळतात. ब्राझीलमध्ये मनाऊस शहरापाशी काळी नेग्रो आणि दुधट मातकट सोलिमोंइस या दोन नद्या काही किलोमीटर एकाच पात्रातून शेजारी शेजारी वाहतात, मधली शिवण डोळ्यांना दिसते. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा निसर्गशास्त्रज्ञ १८४८ ते १८५२ या काळात तिकडे हिंडला आणि १८५३च्या आपल्या पुस्तकात त्यानं ॲमेझॉनच्या नद्या पाण्याच्या रंगावरून तीन जातींत वाटल्या: पांढऱ्या पाण्याच्या, निळ्या पाण्याच्या आणि काळ्या पाण्याच्या. ही वाटणी अभ्यासक अजून वापरतात.

आपल्या मराठीतही शब्दांची ददात नाही. गढूळ, राळवट, शेवाळी, नितळ आणि निवळशंख. निवळी नावाच्या झाडाचं बी माठाच्या आत घासलं, की गढूळ पाण्यातला गाळ खाली बसतो. आमच्या घरी तुरटी फिरवायचे, शेजारच्या आजी निवळीचं बी वापरायच्या. आणि कोणाचं पाणी लवकर निवळतं यावर दोन घरांत पैज लागायची, हे सांगायचा मोह आवरत नाही.

मोजमाप सुरू झालं ते समुद्रावर. १८६५ साली आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूनं, जो खगोलशास्त्रज्ञही होता, पोपच्या जहाजावरून पांढरी तबकडी दोरीनं पाण्यात सोडली. ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची. इतकं साधं साधन! सेक्कीची तबकडी म्हणून ते आजही जगभर पाण्यात सोडलं जातं. पुढे १८९०च्या सुमारास फोरेल या स्विस अभ्यासकानं रंगीत द्रावणांच्या काचेच्या नळ्या तयार केल्या, उले या जर्मन अभ्यासकानं त्यात भर घातली, आणि निळ्यापासून तपकिरीपर्यंत २१ रंगांची एक मोजपट्टी तयार झाली. नळ्या हातात धरायच्या, पाण्याकडे बघायचं आणि जुळणारा आकडा वहीत लिहायचा. साडी-ब्लाऊजचा मॅचिंग सेंटरवाला करतो तेच काम.

आणि मग आपले रामन. १९२१ साली इंग्लंडहून बोटीनं परत येताना भूमध्य समुद्राच्या निळ्या रंगानं त्यांना पछाडलं. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं तोवर लॉर्ड रॅले यांचं मत प्रमाण मानलं जाई. रामन यांनी बोटीच्या कठड्याशी उभं राहून एका लोलकातून पाण्याकडे पाहिलं. त्या लोलकानं आकाशाचं परावर्तन गाळलं, तरी निळा रंग गेला नाही, उलट अधिक गडद दिसला. रंग पाण्याचा स्वतःचाच होता. प्रकाशाच्या विखुरण्याचा जो शोध पुढे १९२८ साली लागला आणि १९३०चं नोबेल देऊन गेला, त्याच्या वाटेची सुरुवात या बोटीवर झाली.

पाणी रंग कसा घेतं, हे थोडक्यात सांगतो. स्वच्छ, खोल पाणी उन्हातला तांबडा भाग गिळतं आणि निळा मागे फेकतं. माती मिसळली की तिचे कण पिवळा आणि तांबडा उजेड परत पाठवू लागतात. शेवाळातलं हरितद्रव्य निळा आणि तांबडा खाऊन टाकतं, त्यामुळे हिरवा उरतो. पालापाचोळा कुजून पाण्यात उतरला, तर निळा शोषला जातो आणि पाणी कोऱ्या चहासारखं होतं. नेग्रो नदी काळी आहे ती याच कारणानं, तिच्यात घाण आहे म्हणून नव्हे. म्हणजे परत येणाऱ्या उजेडाचे वेगवेगळे पट्टे मोजता आले, तर पाण्यात काय आहे त्याचा बराचसा अंदाज लांबूनही बांधता येतो.

हे लांबून म्हणजे किती लांबून? पहिला लँडसॅट उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेनं सोडला. त्याच्यावर दोन यंत्रं होती. मान होता टीव्हीसारख्या कॅमेऱ्यांना. दुसरं यंत्र व्हर्जिनिया नॉरवूड या अभियंता बाईंनी घडवलेलं, हलणाऱ्या आरशाचं, आणि त्याच्यावर फारशी कोणाची मदार नव्हती. झालं असं, की कॅमेरे काही आठवड्यांतच बिघाडामुळे बंद करावे लागले, आणि बाईंचं यंत्र वर्षानुवर्षं चालत राहिलं. मला यातली एक गोष्ट फार आवडली. या यंत्राला चार पट्टे दिसायचे: हिरवा, तांबडा आणि दोन अवरक्त. निळा त्याला दिसतच नव्हता. निळ्यासाठी १९८२च्या चौथ्या लँडसॅटपर्यंत थांबावं लागलं. १९८४ साली सोडलेला पाचवा लँडसॅट तर २०१३पर्यंत टिकला. तो एक जागा दर १६ दिवसांनी एकदा बघायचा, आणि जमिनीवरची ३० मीटर गुणिले ३० मीटर एवढी चौकट हा त्याच्या चित्रातला एक ठिपका.

आपल्याकडेही या कामाचा आरंभ रंगानंच झाला आहे. भारतीय दूरसंवेदनाचे जनक म्हणून ओळखले जाणारे प्रा. पिशारोटी यांनी १९७०च्या सुमारास केरळातल्या नारळांवरचा रोग हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर टिपला. निरोगी झाड आणि आजारी झाड त्या फिल्मवर वेगळ्या रंगाचं दिसलं. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा आपला दूरसंवेदन उपग्रह गेला. १९९९च्या मे महिन्यात गेलेल्या ओशनसॅटवर तर खास समुद्राचा रंग पाहणारं यंत्र होतं. पण त्याचा ठिपका ३६० मीटरचा. समुद्राला तो पुरतो, नदीला कसा पुरणार?

नदीच्या वाट्याला खरा दिवस उगवला तो २००८ साली, आणि त्याचं कारण यंत्र नव्हतं, पैसा होता. १९८०च्या दशकात लँडसॅटच्या एका चित्राला काही हजार डॉलर पडत. २००८मध्ये अमेरिकेनं साठवलेली सगळी चित्रं फुकट खुली केली. ज्या अभ्यासकाला आधी दोन चित्रं परवडायची, तो आता दोन लाख चित्रं संगणकाला वाचायला देऊ लागला. अमेरिकेतल्या ६० मीटरपेक्षा रुंद नद्यांचा एक लाख किलोमीटरहून अधिक लांबीचा रंग अशा रीतीनं १९८४ ते २०१८ या काळासाठी काढला गेला. ते काम २०२०-२१मध्ये प्रसिद्ध झालं. निष्कर्ष असा, की निम्म्याहून जास्त लांबी पिवळी, तिच्याखालोखाल हिरवी, आणि कवी म्हणतात तशी निळी नदी अगदी थोडी. जवळजवळ एक तृतीयांश नद्यांचा रंग या ३५ वर्षांत लक्षात येण्याजोगा बदललेला. २०२२मध्ये जगातल्या ४१४ मोठ्या नद्यांचा असाच अभ्यास आला. उत्तर गोलार्धात धरणांनी गाळ अडवल्यामुळे नद्यांतून समुद्राला जाणारा गाळ धरणांआधीच्या मानानं जवळपास निम्म्यावर आला आहे, आणि दक्षिणेत जंगलतोड नि खाणींमुळे अनेक नद्यांत तो वाढला आहे, असं त्यात निघालं.

महाराष्ट्राला हा प्रकार कळला तो लोणारमुळे. २०२०च्या जून महिन्यात लोणारचं सरोवर गुलाबी झालं. लँडसॅटच्या २५ मे आणि १० जूनच्या दोन चित्रांत हिरवं पाणी आणि गुलाबी पाणी शेजारी शेजारी ठेवून सगळ्या जगानं पाहिलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासून सांगितलं, की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग आहे. इथं एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. रंग बदलला हे आकाशातून दिसलं, पण का बदलला हे बाटलीत पाणी भरून आणल्यावरच कळलं. त्याच वर्षीच्या टाळेबंदीत केरळातल्या वेंबनाड तलावाच्या पाण्यातले तरंगते कण सरासरी १५.९ टक्क्यांनी कमी झाल्याचं लँडसॅटच्याच चित्रांवरून मोजण्यात आलं.

हे सगळं वाचून मी लेकीला म्हटलं, मला अम्मीचं तांबडं पाणी दाखव. १९८४च्या पुढचा कुठलाही जून चालेल.

आम्ही तीन रात्री बसलो. जून, जुलै, ऑगस्ट, दर वर्षी तेच. पांढरा कापूस पिंजून ठेवल्यासारखे ढग, आणि त्याखाली कुठेतरी आमचं गाव. उपग्रहाचा डोळा उन्हावर चालतो, ढगाच्या आरपार त्याला दिसत नाही. अमेरिकेतल्या नदीचं यामुळे फारसं बिघडत नाही. कोकणातल्या नदीचं मात्र वर्षातलं बहुतेक पाणी, आणि जवळजवळ सगळी माती, त्या चार महिन्यांतच वाहते. २६ जुलै २००५ला उल्हास गावात शिरली. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना सुखरूप बाहेर काढावं लागलं. या दोन्ही दिवशी नदी कोणत्या रंगाची होती, ते छतावर चढलेल्या माणसाला विचारा. रडारवाले उपग्रह ढगांतूनही पाण्याचा पसारा दाखवतात, पण रडारला रंग नसतो. माथेरानच्या जांभ्याची तांबडी माती नेरळच्या ओढ्यांतून उल्हासला येते, अम्मीचे सदरे तिनंच रंगवले होते, आणि चाळीस वर्षांच्या त्या अवाढव्य संग्रहात मला त्या मातीचं एकही पान सापडलं नाही.

उन्हाळ्याचं बरं होतं. एप्रिलची चित्रं स्वच्छ. पण तिथंही एक गंमत आहे. एप्रिलमध्ये उल्हासला जे पाणी दिसतं, त्यातलं पुष्कळसं घाटावरचं असतं. मावळातल्या आंद्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. ते पाणी खरं तर भीमेला मिळून बंगालच्या उपसागराला जायचं. १९२२ साली भिवपुरीचं वीजघर सुरू झालं आणि तेव्हापासून ते डोंगरातून खाली, वीज करून, उल्हासला येऊन पडतं. आमच्या बंधाऱ्यावर ते अडवून, शुद्ध करून कुळगाव-बदलापूरला प्यायला मिळतं. म्हणून भर उन्हाळ्यात नदी वाहती आणि बरीच नितळ. आकाशातून पाहणाऱ्या परक्या माणसाला वाटेल, काय शहाणी नदी आहे! बदलापुरात पात्राच्या रुंदीत जेमतेम दोन-तीन ठिपके बसतात, आणि त्यातला काठाला लागलेला प्रत्येक ठिपका निम्मा पाणी, निम्मा झाडी. रंग वाचायला उरतो एखादाच. २०१५ आणि २०१७ साली युरोपचे सेंटिनेल-२ जातीचे दोन उपग्रह गेले, त्यांचा ठिपका १० मीटरचा आणि फेरी दर पाच दिवसांची, तेव्हापासून स्थिती सुधारली. खाली रायते, कांबा, मोहने या पट्ट्यात उन्हाळ्यात जलपर्णी माजते, ती आता आकाशातून स्पष्ट दिसते. शहरांचं सांडपाणी खाऊन पोसलेली ही वनस्पती त्या खोट्या रंगाच्या चित्रात लाल गालिच्यासारखी पसरलेली असते. पाणी मात्र तिच्याखाली झाकलेलं.

आता वालधुनी. तिच्याबद्दल बोलायचं म्हणूनच मी हे भाषण स्वीकारलं.

वालधुनी अंबरनाथजवळच्या काकोळ्याच्या डोंगरांकडून येते. रेल्वेनं तिच्या उगमाकडे बांधलेला तलाव आजही जीआयपी टँक म्हणून ओळखला जातो. पुढे तिच्या काठी अंबरनाथचं शिवालय, शिलालेखात शके ९८२ म्हणजे १०६० साल असलेलं, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं. मग उल्हासनगर, मग कल्याणची खाडी. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथं ठेवलं गेलं आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उल्हासनगर असं नामकरण झालं. नाव घेतलं उल्हासचं, पण गावाच्या मधून वाहते ती वालधुनी. घरदार सोडून आलेल्या या माणसांनी हातात येईल तो धंदा उभारला. पलीकडे अंबरनाथला औद्योगिक वसाहत झाली. या सगळ्यांचं पाणी जायचं एकाच ठिकाणी.

कॉलेजला जाताना गाडी अंबरनाथ सोडून कल्याणकडे निघाली, की आम्ही दारात उभं राहून पैज लावायचो, आज वालधुनी कोणत्या रंगाची असेल. पिवळी, जांभळी, कधी गुलाबी. पुढे जीन्स धुण्या-रंगवण्याचे कारखाने वाढले, तेव्हा दिवसचे दिवस ती निळी असायची. कवितेतली निळी नदी मी डोळ्यांनी पाहिली ती हीच. आम्ही हसायचो. त्या हसण्याची आता लाज वाटते.

अंबरनाथ-उल्हासनगरात वालधुनी इतकी अरुंद आहे, की ३० मीटरची एक चौकटही ती धडपणे भरत नाही. चित्रात तिच्या जागी पत्रे, सिमेंट आणि थोडं पाणी यांची मिसळ होऊन राखाडी ठिपके उमटतात. लेकीनं १९८४पासूनची चित्रं एकापाठोपाठ एक लावून दाखवली. वस्ती वाढताना दिसली, डोंगर उघडे होताना दिसले. नदीनं घेतलेल्या रंगांपैकी एकही दिसला नाही. शिवाय हे उपग्रह आपल्यावरून जातात सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास. २०१४च्या नोव्हेंबरअखेरीस उल्हासनगरात टँकरमधून वालधुनीत रसायन ओतलं गेलं आणि शेकडो माणसांना श्वास कोंडून रुग्णालयात न्यावं लागलं, तो प्रकार अंधारातला होता. टँकर ओतणाऱ्याला उपग्रहाचं वेळापत्रक माहीत असायची गरज नाही, त्याला रात्र पुरते. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादानं उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल कोट्यवधींचा दंड ठोठावला. तो खटला उभा राहिला काठावरच्या माणसांच्या तक्रारींवर आणि बाटल्यांत भरून तपासलेल्या पाण्यावर.

मी उपग्रहांच्या विरोधात बोलतोय असं कृपा करून समजू नका. गंगा, गोदावरी, ॲमेझॉन यांची सबंध लांबी कुठलाही माणूस चालत जाऊन पाहू शकणार नाही. मोठ्या नदीचं चाळीस वर्षांचं चरित्र उद्या कोणी लिहिलं, तर ते याच चित्रांवरून लिहावं लागेल. माझी भीती वेगळी आहे. ज्या नदीचं चित्र नाही, तिला काही झालंच नाही, असं कागदोपत्री ठरायला वेळ लागत नाही. अम्मी गेली, तिच्याबरोबर मृगापासून दिवाळीपर्यंतच्या पाण्याचे रंग ओळखणारी पिढी गेली. घरोघरी नळ आले, धुण्याची यंत्रं आली. आता नदीकडे रोज बघणं हे कोणाचंच काम उरलेलं नाही.

म्हणून मी एक वही केली आहे. शंभर पानी, शाळेच्या पोरांची असते तशी. फोरेलच्या नळ्या माझ्याकडे नाहीत. लेकीनं त्या २१ रंगांचा तक्ता कागदावर छापून दिला, तो वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलाय. सेंटिनेल कोणत्या दिवशी आपल्यावरून जाणार ते तिला आधी कळतं, ती मला तारीख कळवते. त्या दिवशी अकराच्या आत मी पुलावर जाऊन उभा राहतो, पाण्याकडे बघतो, आकडा लिहितो आणि आकड्यापुढे माझा एक शब्दही लिहितो. पुलावरून जाणारे ओळखीचे लोक विचारतात, ‘‘काय कविराज, काही सुचतंय का?’’ मी हो म्हणतो.

परवा असाच गेलो होतो. वहीत लिहिलं: ‘१७. शेवाळी, बंधाऱ्याच्या बाजूला पिवळट.’ संध्याकाळी लेकीचा फोन आला. म्हणाली, ‘‘अब्बू, चित्र आलं, पण बरोबर पुलावर एक छोटा ढग आहे.’’

मी म्हटलं, ‘‘हो, त्याचीच सावली माझ्या अंगावर होती.’’